एका रॉक गाण्यामागची नाती कशी शोधायची ('लैला' हातात घेऊन)

कुठलंही गाजलेलं जुनं रॉक गाणं घ्या, त्याच्याबद्दल पहिली माहिती काय मिळते तर हे अमक्यानं तमकीवर लिहिलं, आणि बहुतेक जण तिथंच थांबतात. मला हे पटत नाही. गाणं म्हणजे एक बाप्या आणि एक बाई एवढंच नसतं, त्यात मित्र असतो, मित्राचा बँड असतो, घरातली बहीण असते, कुणीतरी वाचायला दिलेलं पुस्तक असतं, आणि पुष्कळदा एखादं असं माणूस असतं ज्याचं नावच कुठं छापलं गेलेलं नसतं. ही सगळी माणसं शोधायची एक पद्धत आहे, थोडी चिकाटी लागते पण कुणालाही जमेल अशी आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे. उदाहरणाला 'लैला' घेते, डेरेक अँड द डॉमिनोज या बँडचं, म्हणजे गिटारिस्ट-गायक एरिक क्लॅप्टनचं, १९७० चं, कारण त्यातल्या जवळजवळ प्रत्येकानं पुढे आपापली बाजू सांगितलेली आहे आणि त्यामुळे ताळा करायला सोपं जातं.

आधी ऐका, पण नेमकं कुठलं ते बघून ऐका

हे सांगायला हवं कारण खूप जणांना 'लैला' म्हणजे १९९२ चं अनप्लग्डवालं, खुर्चीत बसून अकूस्टिक गिटारवर संथ गायलेलं तेच माहिती असतं. ते छानच आहे, त्याला ग्रॅमीपण मिळालं, पण शोध घ्यायचा असेल तर ते उपयोगाचं नाही कारण त्यात गाण्याचा अर्धा भाग नाहीचे. मूळ रेकॉर्डिंग सात मिनिटांच्या वर आहे. १९७१ मधे सिंगल म्हणून काढलं तेव्हा कापून तीन मिनिटांच्या आत आणलं आणि ते फारसं चाललं नाही, मग १९७२ मधे पूर्ण लांबीचं काढलं ते अमेरिकेत दहाव्या आणि इंग्लंडमधे सातव्या नंबरपर्यंत गेलं. म्हणजे एकाच गाण्याची तीन रूपं झाली, तुम्ही सात मिनिटांचं घ्या, हेडफोन लावा, आणि पहिल्यांदा ऐकताना काहीही वाचू नका.

घरात पेटी असेल तर अजून बरं. सुरवातीची ती गिटारची ओळ पांढरी दोनमधे आहे, मायनर. आणि जिथं क्लॅप्टन गायला लागतो तिथं सूर एकदम अर्ध्या पट्टीनं खाली, काळी एकवर घसरतो, परत 'लैला' अशी हाक आली की पुन्हा वर पांढरी दोन. ही चढउतार लक्षात ठेवा, विनवणी करताना माणूस जसा खाली बसतो आणि मग ओरडतो ते इथं सुरातच केलेलं आहे. मग साधारण तीन मिनिटं होऊन गेल्यावर सगळं थांबतं आणि एक पियानो सुरू होतो, तो शेवटपर्यंत. हा भाग पेटीशी नीट जुळणार नाही, पांढरी एक आणि काळी एकच्या मधे कुठंतरी लागतो, कारण मिक्सिंगच्या वेळी टेपचा स्पीड वाढवलेला आहे. आत्ता एवढंच लिहून ठेवा की पुढचा भाग आणि मागचा भाग एका माणसाच्या डोक्यातून आलेले वाटत नाहीत. हा संशय पुढे फार कामाला येतो.

मग श्रेय वाचा

रेकॉर्डच्या लेबलवर किंवा आजकाल ॲपमधे श्रेयाच्या जागी गीतकार-संगीतकार म्हणून दोन नावं दिसतात, एरिक क्लॅप्टन आणि जिम गॉर्डन. गॉर्डन कोण, तर बँडचा ड्रमर. आता इथं थांबून स्वतःला विचारायचं की ड्रमरचं नाव एवढ्या खासगी प्रेमगीतावर कशाला? उत्तर लगेच शोधू नका, वहीत प्रश्न लिहा. मला वाटतं शोधकामातली सगळ्यात कामाची सवय हीच आहे, श्रेयातलं जे नाव अनपेक्षित वाटतं त्याच्यापुढे खूण करायची.

बँडच्या नावाकडेपण बघा. क्लॅप्टन तोपर्यंत क्रीम आणि ब्लाइंड फेथ या बँडमुळे जगभर माहिती झालेला, आणि तरी रेकॉर्डवर 'डेरेक'. लोकांना कळेचना हा कोण, शेवटी कंपनीला 'डेरेक इज एरिक' असे बिल्ले काढावे लागले. स्वतःचं नाव लपवणारा माणूस बाईचंही नाव लपवतोय, हे दोन्ही एकाच वेळचं आहे.

कागदावर माणसं मांडा

एक मोठा कागद घ्या आणि लग्नाच्या आमंत्रणाची यादी करताना कोण कुणाकडनं ते लिहितो ना, तसं लिहा. मधोमध पॅटी बॉइड. इंग्लंडमधल्या टॉन्टन गावी १९४४ मधे जन्म, बालपणाचा काही काळ केनियात, मग लंडनमधे मॉडेल. तिच्या एका बाजूला जॉर्ज हॅरिसन, बीटल्समधला, तिचा नवरा. दुसऱ्या बाजूला क्लॅप्टन, हॅरिसनचा जिवलग मित्र. खाली पॅटीच्या दोन बहिणी. सगळ्यात धाकटी काही काळ क्लॅप्टनबरोबर त्याच्या घरी राहात होती, म्हणजे त्याला हवी होती थोरली आणि घरात होती धाकटी, आणि पॅटीनं लिहिलंय की ते गाणं ऐकल्यावर धाकटीला कळलं हे कुणासाठी आहे, आणि ती निघून गेली. या मुलीचा उल्लेख 'लैला'च्या गोष्टीत लोक एका ओळीत उरकतात. तुम्ही कागदावर तिला जागा द्या. दुसरी बहीण जेनी, तिचं लग्न फ्लीटवुड मॅक या बँडच्या मिक फ्लीटवुडशी, तिच्याकडे शेवटी परत येऊ.

मग बँडवाले. बॉबी व्हिटलॉक पियानो-ऑर्गनवर, कार्ल रेडल बासवर, जिम गॉर्डन ड्रमवर. तिघंही आधी डिलेनी अँड बॉनी या अमेरिकन जोडीच्या बँडमधे होते आणि १९६९ च्या डिसेंबरात त्या टूरवर क्लॅप्टनही वाजवत होता आणि हॅरिसनही काही दिवस येऊन सामील झाला होता. गॉर्डनच्या शेजारी त्याची त्यावेळची मैत्रीण रिटा कूलिज, गायिका. आणि एका कोपऱ्यात ड्वेन ऑलमन, ऑलमन ब्रदर्सचा गिटारिस्ट.

तारखा लावा

माणसांची आठवण फसवते, तारीख फसवत नाही, म्हणून कागदाच्या मागच्या बाजूला नुसत्या तारखा. मार्च १९६४, बीटल्सच्या पहिल्या सिनेमाच्या सेटवर पॅटी आणि जॉर्जची भेट, ती त्यात शाळकरी मुलीच्या छोट्याशा भूमिकेत. २१ जानेवारी १९६६ ला लग्न. त्याच वर्षी सप्टेंबरात दोघं मुंबईत, ताजमधे खोटं नाव देऊन उतरलेले, जॉर्ज रविशंकरांकडे सतार शिकायला आलेला, बातमी फुटली, हॉटेलबाहेर गर्दी झाली आणि सगळे काश्मीरला निघून गेले. १९६७ च्या सुरवातीला ध्यानधारणेच्या वर्गाला आधी पॅटी जायला लागली, जॉर्ज नंतर आला, हे क्वचित कुणी सांगतं. जानेवारी १९६८ मधे जॉर्ज पुन्हा मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग करत होता, आणि फेब्रुवारीत पॅटी, जेनी आणि बाकी सगळे हृषीकेशला.

आता ही मुंबई-हृषीकेशची गोष्ट 'लैला'त कशाला असं वाटेल. तर पॅटीनं लिहिलंय की त्यानंतर जॉर्ज जपतप आणि ध्यानात इतका आत आत जात राहिला की घरात असून नसल्यासारखा, आणि मधेच दुसऱ्या टोकाला जाऊन पार्ट्या आणि इतर बायका. गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात गाणारा म्हणतो की तुझ्या नवऱ्यानं तुझी निराशा केली तेव्हा मी तुला धीर द्यायला आलो आणि वेड्यासारखा प्रेमात पडलो. ही ओळ कुठून आली ते तारखांमधून कळतं, नुसत्या गॉसिपमधून कळत नाही.

दुसरी तारखांची रांग मैत्रीची लावा. सप्टेंबर १९६८ मधे हॅरिसननं आपल्या गाण्यात गिटार वाजवायला क्लॅप्टनला बीटल्सच्या स्टुडिओत आणलं. दोघांनी मिळून क्रीमसाठी एक गाणं लिहिलं. १९६९ च्या वसंतात हॅरिसन क्लॅप्टनच्या बागेत बसून 'हिअर कम्स द सन' हे उन्हाचं प्रसिद्ध गाणं रचतो. आणि १९७० च्या उन्हाळ्यात हॅरिसनचा स्वतःचा मोठा अल्बम रेकॉर्ड होत असतो त्यात वाजवणारे कोण, तर क्लॅप्टन, व्हिटलॉक, रेडल, गॉर्डन. म्हणजे डॉमिनोज हा बँड ज्याच्या बायकोवर ती गाणी होणार होती त्याच माणसाच्या रेकॉर्डिंगमधे जमला! १४ जून १९७० ला लंडनच्या लायसियममधे त्यांचा पहिला कार्यक्रम, ऑगस्टच्या शेवटी सगळे मायामीला क्रायटेरिया स्टुडिओत, नोव्हेंबरात अल्बम बाजारात. या दोन रांगा शेजारी शेजारी ठेवून बघितल्यावर माझ्यासाठी तरी ते गाणं बदललं, कारण त्यात नुसती तळमळ नाही, मित्राच्या घरात उभं राहून केलेली चोरी आहे आणि ती करतानाची लाज पण आहे.

दोन्ही बाजूंचं वाचा, आणि कागदपत्रं आधी

पॅटीचं आत्मचरित्र २००७ मधे आलं, क्लॅप्टनचंही त्याच वर्षी. दोन्ही वाचा, एक वाचून थांबू नका, आणि लक्षात ठेवा की घटना घडून ३७ वर्षं झालेली आहेत. अशा पुस्तकांत मी दोन गोष्टींवर जास्त विश्वास ठेवते, एक म्हणजे जिथं लिहिणारा स्वतःचं नुकसान होईल असं काही सांगतो, आणि दुसरं म्हणजे जिथं दोन विरुद्ध बाजूंची माणसं एकच सांगतात.

पॅटी सांगते की १९७० मधे तिला एक पत्र आलं, बारीक अक्षरातलं, खाली सही फक्त 'ई', तुझं अजून नवऱ्यावर प्रेम आहे का अशी विचारणा. तिला वाटलं कुणा वेड्या फॅनचं आहे, तिनं ते जॉर्जला पण दाखवलं. संध्याकाळी क्लॅप्टनचा फोन, माझं पत्र मिळालं का. नंतर एकदा त्यानं तिला दक्षिण केन्सिंग्टनमधल्या एका फ्लॅटवर बोलावलं, टेप मशीन लावलं, आवाज मोठा केला आणि 'लैला' ऐकवलं, दोन-तीन वेळा. तिला गाणं प्रचंड आवडलं, आणि त्याच क्षणी मनात आलं की आता सगळ्यांना कळणार ही मीच आहे. ही दुहेरी प्रतिक्रिया मला फार खरी वाटते, कौतुकानं भारून जाणं आणि पकडले गेल्याची भीती एकाच वेळी.

आणि हेही वाचा, वगळू नका, की तिनं नकार दिल्यावर त्यानं हेरॉईनची पुडी दाखवून सांगितलं की तू आली नाहीस तर हे घेणार. ती गेली नाही. त्यानंतरची जवळपास तीन वर्षं तो त्या व्यसनात घरात कोंडून होता. या गाण्याला अमर प्रेम वगैरे म्हणणारे लोक हा भाग गाळतात, पण बाईच्या बाजूनं बघितलं तर हे प्रेमाइतकंच दडपण होतं.

पुस्तकापेक्षा पत्र मोठं, हा नियम पाळा. पत्र त्या दिवशीचं असतं, पुस्तक नंतरचं. पॅटीनं जपून ठेवलेली ही पत्रं २०२४ च्या मार्चमधे ख्रिस्टीजच्या लिलावात आली तेव्हा त्यांचे फोटो सगळीकडे छापून आले, त्यामुळे आता आपल्यासारख्यांनाही ती बघता येतात. अल्बमच्या कव्हरवरचं मूळ चित्रही त्याच लिलावात होतं, सोनेरी केसांच्या मुलीचं, फ्रांडसेन द शॉम्बर्ग या चित्रकाराचं, ते जवळपास २० लाख पौंडांना गेलं. क्लॅप्टनला त्या चित्रात पॅटी दिसली होती. म्हणजे कव्हर हा पण पुरावा असतो, बघायला विसरू नका.

दोन जबाब जुळले नाहीत तर काय करायचं? दोन्ही लिहून ठेवायचे. हॅरिसनच्या 'समथिंग' या गाण्याबद्दल पॅटी लिहिते की ते तुझ्यासाठी आहे असं जॉर्जनं तिला सहज सांगितलं होतं, आणि हॅरिसन नंतरच्या मुलाखतींत म्हणाला की लिहिताना माझ्या डोक्यात गायक रे चार्ल्स होता. दोन्ही खरं असू शकतं, बायकोला सांगितलेलं एक आणि तिच्यापासून वेगळं झाल्यावर पत्रकाराला सांगितलेलं दुसरं. कोण कुणाला, कधी सांगतंय ते शेजारी लिहायचं म्हणजे झालं.

पुस्तकातली प्रेरणा: कुणी दिलं ते शोधा

लैला-मजनू आपल्याला नवीन नाही, सिनेमांमुळे शेंबड्या पोरालाही माहिती. पण सरेमधे वाढलेल्या ब्लूजवाल्या गिटारिस्टला हे कुठून? तर इयन डॅलस नावाचा एक स्कॉटिश नाटककार होता, १९६७ मधे त्यानं इस्लाम स्वीकारला होता, त्यानं क्लॅप्टनला निझामीच्या काव्याची ओळख करून दिली. निझामी गंजवी, बाराव्या शतकातला फारसी कवी, गंजा म्हणजे आजच्या अझरबैजानमधला. प्रेरणा अशी हवेतून येत नाही, कुणाच्या तरी हातातून येते, तो हात शोधायचा.

मग काय जुळतं आणि काय नाही ते बघायचं. निझामीकडे लैलाचं लग्न तिचे घरचे दुसऱ्याशी लावून देतात आणि मजनू रानोमाळ भटकतो, वेडा होतो. गाण्यातही ती दुसऱ्याची आहे आणि शेवटच्या कडव्यात मला वेड लागायच्या आत काहीतरी मार्ग काढू असं आहे, ती भाषा थेट मजनूचीच. पण निझामीचा मजनू शेवटी काही मागत नाही, त्याचं प्रेम लैलाच्याही पलीकडे जातं, आणि क्लॅप्टन मात्र गुडघे टेकून मागतोय, हिशोब मांडतोय, तू एकटी पडलीस की काय करशील असं विचारतोय. हा फरक महत्त्वाचा. गोष्ट उसनी घेतली, पण स्वभाव त्याचाच राहिला. त्याच अल्बमवर 'आय ॲम युअर्स' नावाचं गाणं आहे, त्याच्या श्रेयात चक्क निझामीचं नाव आहे, म्हणजे काव्य नुसतं कानावर पडलेलं नव्हतं, वाचलेलं होतं.

सुरांचे पूर्वज

शब्दांचे पूर्वज सगळे शोधतात, सुरांचे कुणी शोधत नाही. 'लैला' आधी संथ गाणं होतं. ते पेटवलं ड्वेन ऑलमननं. २६ ऑगस्ट १९७० ला मायामीत ऑलमन ब्रदर्सचा कार्यक्रम होता, प्रोड्युसर टॉम डाउड दोन्हीकडचा, त्यानं क्लॅप्टनला नेलं. पुढे बसलेला क्लॅप्टन दिसला तसा वाजवता वाजवता ड्वेन थबकला. त्या रात्री सगळे स्टुडिओत गेले आणि उजाडेपर्यंत वाजवत बसले, आणि ड्वेन पाहुणा म्हणून आला तो अल्बमभर राहिला. ती प्रसिद्ध सुरवातीची ओळ त्याचीच म्हणतात, अल्बर्ट किंगच्या 'ॲज द इयर्स गो पासिंग बाय' या १९६७ च्या संथ ब्लूजमधली गाण्याची ओळ वेग वाढवून गिटारवर आणली. दोन्ही पाठोपाठ ऐका. तिथं एक माणूस शांतपणे म्हणतोय की तू सोडून गेलीस तर मी काही करू शकत नाही, आणि इथं तेच सूर किंचाळतायत.

क्लॅप्टननं ड्वेनबद्दल पुढे कायम सख्ख्या भावासारखं लिहिलं. एकुलत्या एका बाईवरचं गाणं म्हणतात पण त्या रेकॉर्डमधे जे सुख ऐकू येतं ते दोन गिटारवाल्यांच्या दोस्तीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. अगदी शेवटी पक्ष्याच्या हाकेसारखे उंच सूर येतात ते ड्वेनच्या स्लाइडचे, म्हणजे गिटारच्या तारांवर नळी सरकवून काढलेले. पुढच्याच वर्षी, २९ ऑक्टोबर १९७१ ला, मॅकन गावी मोटरसायकलच्या अपघातात तो गेला, २४ वर्षांचा होता.

ज्याचं नाव नाही ते माणूस

आता वहीतला तो जुना प्रश्न काढा, ड्रमरचं नाव कशाला. कारण तो मागचा पियानोचा भाग गॉर्डननं आणला. गाणं सप्टेंबरात रेकॉर्ड झालं, पण क्लॅप्टनला त्याचा शेवट अपुरा वाटत होता, आणि गॉर्डन मोकळ्या वेळात पियानोवर एक सुरावट वाजवत बसायचा, ती काही आठवड्यांनी जोडली. इथपर्यंत बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं आणि इथंच बहुतेक शोध संपतात. संपवू नका.

रिटा कूलिजचं म्हणणं असं की ती सुरावट तिनं आणि गॉर्डननं मिळून केली होती, दोघं एकत्र असताना, लॉस एंजेलिसमधे. गॉर्डननं सुरवातीचे कॉर्ड काढले, तिनं त्याला उत्तर देणारा भाग केला, त्याला 'टाइम' असं नाव आणि शब्द दिले. इंग्लंडमधे असताना दोघांनी ते क्लॅप्टनला वाजवून दाखवलं आणि त्याची टेप पण त्याच्याकडे ठेवली. मग एक दिवस तिनं रेडिओवर 'लैला'चा शेवट ऐकला आणि तिला ते ओळखू आलं. श्रेयात ती नाही. तिनं विचारणा केली, तर तू काय करणार, तुझ्याकडे लढायला पैसे कुठायत, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. २०१६ मधे तिचं आत्मचरित्र आलं त्यात हे सगळं आहे.

आता कुणी म्हणेल ही एका बाईची बाजू झाली. बरोबर, म्हणून पुरावा शोधायचा, आणि इथं तो कानानं तपासता येतो. रिटाची बहीण प्रिसिला आणि तिचा नवरा बुकर टी. जोन्स यांनी १९७३ मधे 'टाइम' हे गाणं शब्दांसकट रेकॉर्ड केलेलं आहे. ते लावा. नंतर 'लैला'चा मागचा भाग लावा. दोन मिनिटांत तुमचं तुम्हाला कळेल. शिवाय बॉबी व्हिटलॉक, जो त्या खोलीत होता, ज्यानं त्या भागात स्वतः पियानो वाजवलेला आहे, त्यानंही सांगितलंय की ते गॉर्डनचं नव्हतं, रिटाकडनं घेतलेलं होतं. दोन स्वतंत्र साक्षी आणि एक रेकॉर्डिंग, मला एवढं पुरे आहे.

या नात्याचा शेवटही माहिती करून घ्यायला हवा. १९७० च्या जो कॉकर या गायकाच्या टूरवर हॉटेलच्या पॅसेजमधे गॉर्डननं रिटाला मारलं, आणि तिनं ते नातं तिथंच संपवलं. गॉर्डनला मानसिक आजार होता, आवाज ऐकू यायचे, निदान फार उशिरा झालं. १९८३ मधे त्यानं स्वतःच्या आईचा खून केला, शिक्षा झाली, आणि २०२३ मधे तुरुंगाच्या वैद्यकीय विभागातच तो वारला. म्हणजे पॅटीसाठी रडणाऱ्या गाण्याचा जो सगळ्यात हळुवार भाग आहे, तो दुसऱ्याच एका मोडलेल्या जोडप्याचा आहे, आणि त्यातल्या बाईला ना पैसे मिळाले ना नाव. मी हे प्रत्येकाला सांगते आणि सांगत राहणार.

तर नियम असा करा, श्रेय वाचल्यावर विचारायचं की त्या काळात त्या खोलीत अजून कोण कोण होतं. विशेषतः बायका. साठ-सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डवर हे विचारलं की काही ना काही निघतंच.

आजूबाजूची गाणीही बघा

एकट्या गाण्यावर जोर देऊ नका, अल्बम पूर्ण ऐका. 'बेल बॉटम ब्लूज' आहे, पॅटीनं त्याला अमेरिकेतून बेलबॉटम जीन्स आणायला सांगितलं होतं त्यातनं आलेलं. आणि 'हॅव यू एव्हर लव्ह्ड अ वुमन' तर त्याचं स्वतःचं नाहीच, फ्रेडी किंगनं गायलेला जुना ब्लूज, जिवलग मित्राच्या बाईवर जीव जडल्याबद्दलचा. दुसऱ्याचं गाणं निवडणं हीसुद्धा कबुलीच असते, कधीकधी स्वतः लिहिलेल्यापेक्षा उघड.

नंतरचं पण तपासा

गाणं झालं म्हणजे नाती संपत नाहीत. १ ऑगस्ट १९७१ ला हॅरिसन आणि रविशंकर यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कला कार्यक्रम केला तेव्हा व्यसनानं खंगलेला क्लॅप्टन तिथं वाजवायला उभा होता, हॅरिसननंच बोलावलेला. पॅटीनं जॉर्जला सोडलं १९७४ मधे, घटस्फोट १९७७ ला, आणि २७ मार्च १९७९ ला तिनं क्लॅप्टनशी लग्न केलं. त्या लग्नाच्या पार्टीला हॅरिसन आला आणि वाजवलंसुद्धा. हे लग्नही दहा वर्षांत मोडलं, दारू आणि दुसऱ्या बायका, क्लॅप्टननं ते स्वतःच्या पुस्तकात मान्य केलेलं आहे. २००१ मधे हॅरिसन गेला, वर्षानं लंडनला त्याच्या आठवणीत कार्यक्रम झाला त्याचं संगीत क्लॅप्टननं सांभाळलं. हे सगळं कळल्यावर १९९२ चं ते संथ 'लैला' पुन्हा ऐका. पियानोचा भाग नाही, ड्वेन नाही, सूर खालचा. ज्या बाईसाठी लिहिलं ती मिळून गमावून झालेली आहे. आता ते वेगळं गाणं म्हणून ऐकू येईल.

आता स्वतः करा

सरावाला फ्लीटवुड मॅकचा १९७७ चा 'रूमर्स' घ्या. जेनी बॉइड मिक फ्लीटवुडची बायको म्हणाले ना, त्या दोघांचंही तेव्हा फाटलेलंच होतं, म्हणजे तुमचा जुना कागदच पुढे वाढवता येईल. बँडमधली दोन जोडपी तुटत होती आणि सगळे एकाच स्टुडिओत एकमेकांवरची गाणी एकमेकांकडून वाजवून घेत होते. लिंडसी बकिंगहॅमचं 'गो युअर ओन वे' आणि स्टीव्ही निक्सचं 'ड्रीम्स' ही एकाच ताटातुटीची दोन टोकं, आधी ती दोन लावा. मग क्रिस्टीन मॅकव्हीचं 'यू मेक लव्हिंग फन', जे बँडच्या लाइटिंगवाल्यावर होतं आणि त्यावर बास तिचा विभक्त होत असलेला नवरा जॉन वाजवतोय. आणि शेवटी 'सिल्व्हर स्प्रिंग्ज', निक्सचं, जे अल्बममधून काढून टाकलं आणि 'गो युअर ओन वे'च्याच सिंगलच्या मागच्या बाजूला टाकलं. का काढलं, कुणी ठरवलं, तिला ते कधी कळलं, इथून सुरवात करा.